सहा फर्म्यांत न बसवलेली गोष्ट

नाझनीनचं पुस्तक स्क्रीनवर शंभर पानांचं झालं आणि मला आतून बरं वाटलं. शंभर ही अडचण होती आणि ती तिची होती, एवढ्यासाठीच. हे असं सरळ लिहायला मला वर्ष लागलं.

मी कर्जतजवळ दहिवलीला एका डीटीपीच्या दुकानात काम करते. सकाळी कॉलेज, दुपारी एक ते सहा दुकान. डीटीपी म्हणजे मजकूर टाइप करून त्याची छापण्याजोगी पानं लावणं. लग्नपत्रिका, सत्यनारायणाची निमंत्रणं, वाढदिवसाचे बॅनर हे आमचं रोजचं काम. वर्षातून दोन-तीन पुस्तकंही येतात. बहुतेक निवृत्त माणसांची, आणि बहुतेक कवितांची. ती माणसं स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढतात. आम्ही पानं लावतो, कव्हर करतो आणि पीडीएफ खोपोलीच्या प्रेसला पाठवतो.

शंभर ही अडचण कशी, ते आधी सांगते. प्रेसवर पुस्तकाचं एकेक पान सुटं छापत नाहीत. एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी मिळून सोळा पानं छापतात, मग त्याच्या घड्या घालून कापतात. त्या सोळा पानांना फर्मा म्हणतात. सहा फर्मे म्हणजे शहाण्णव पानं, सात म्हणजे एकशेबारा. शंभर पानं दिली तर सहा फर्म्यांवर चार पानं लोंबकळत राहतात, आणि चार पानांसाठी सातवा फर्मा लावायला प्रेसवाले कुरकुर करतात. अशा वेळी आमचे मालक विलासशेठ एकच शब्द म्हणतात, "बसव."

बसवायच्या वाटा दोन. एक म्हणजे अक्षर अर्ध्या पॉइंटने लहान करायचं आणि ओळींमधली जागा केसभर आवळायची. वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही. दहा मिनिटांचं काम. दुसरी वाट म्हणजे लेखकाला सांगायचं, चार पानांचा मजकूर काढा. ही वाट आम्ही सहसा धरत नाही, कारण लेखक रडतात.

त्याआधी पाच पुस्तकं मी पहिल्या वाटेने बसवली होती.

नाझनीन आणि मी बारावीपर्यंत एका बाकावर होतो. तिच्या घरचं खालापूरला हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, नळ, रंग, आणि दारातच चावी घासायचं मशीन. बारावीनंतर तिच्या अब्बांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून ती दोन महिने गल्ल्यावर बसली, ती तिथेच राहिली. मी बी.ए.ला गेले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आमचं भात पिकवणारं घर, गाव कोंडाण्याच्या लेण्यांच्या अलीकडे. मी मराठी विषय घेतला. कॉलेजच्या भित्तिपत्रकात माझ्या गोष्टी लागायच्या, आणि मराठीचे सर मला 'आपल्या लेखिका' म्हणायचे. कुणी हसलं तरी मला ते आवडायचं.

माझ्या बारा गोष्टी झाल्या तेव्हा मी सरांना विचारलं, पुस्तक स्वतःच छापू का? दुकान हाताशी होतं. शेठही तयार होते.

सर म्हणाले, "स्वतःचं पुस्तक स्वतः छापणं म्हणजे आपल्याच वरातीत आपणच बँड वाजवणं. थांब जरा. प्रकाशकाकडे पाठव. कुणीतरी निवडलं पाहिजे."

कुणीतरी निवडलं पाहिजे, हे मला फार पटलं. मी पुण्याच्या एका प्रकाशकांना हस्तलिखित कुरिअर केलं. कुरिअरची पावती आईने रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवली.

त्याला अकरा महिने झाले होते. दर शुक्रवारी मी फोन करायचे. तिथल्या ऑफिसमधल्या मॅडम म्हणायच्या, "वाचन समितीकडे आहे." समिती म्हणजे आलेली हस्तलिखितं वाचून कुठलं छापायचं ते ठरवणारी जाणती माणसं, असं सरांनी सांगितलं होतं. मी आईला सांगायचे आणि आई शेजारी सांगायची, "वैशूचं पुस्तक कमिटीकडं हाय." आमच्याकडे कमिटी यात्रेची असते नाहीतर पाण्याची. त्यामुळे लोकांना वाटायचं, भांडण चाललंय आणि निकाल लागायचाय.

अशात एका दुपारी नाझनीन दुकानात आली. हातात दोन जाड वह्या होत्या, सामानाच्या याद्या करतात तसल्या.

"वैशू, तू हितं कामाला हायस? बरं झालं. मला पुस्तक काढायचंय."

"कसलं?"

"गोष्टी. दुकानात बसून लिवलेल्या."

"प्रकाशकाकडे पाठवल्यास?"

"ते कशाला?"

मी तिला समजावून सांगितलं. समिती, निवड, नाव, दुकानादुकानात पुस्तक जाणं. सरांचं बँडचं वाक्यही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तुझं पाठवलंयस का?"

"हो."

"किती दिवस झाले?"

"अकरा महिने."

"मग काय म्हणतात?"

"अजून काही नाही."

"आमच्याकडं चावी बनवायला आलेल्या गिऱ्हाइकाला अकरा मिन्टं थांबवलं ना, तर ते समोरच्या दुकानात जातंय."

विलासशेठ हसले. मी हसले नाही. तिने पाच मिनिटांत जे ठरवलं ते मी वर्षभर सरांना, आईला आणि स्वतःला विचारत बसले होते. तिला कुणी निवडायला नको होतं. तिने स्वतःला निवडलं आणि शेठना विचारलं, कव्हर हिरवं होईल ना?

वह्या टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. मी चुका मोजायच्या तयारीने बसले. चुका होत्याच. स्वल्पविराम तर नव्हतेच कुठे. पहिली गोष्ट संपली तेव्हा मी मनात म्हटलं, ठीक आहे. दुसरी संपली तेव्हा काही म्हटलं नाही. तिसरीचं नाव 'डुप्लिकेट' होतं.

त्या गोष्टीत हार्डवेअरच्या दुकानात दर महिन्याला एक बाई येते. एक चावी देते आणि तिची डुप्लिकेट बनवून घेते. दुकानातली मुलगी विचारते, एवढ्या चाव्या कुणाला? बाई म्हणते, घरात माणसं वाढलीत. मुलगी मशीनवर चावी घासते. घासता घासता एकदा तिच्या लक्षात येतं की बाई मूळ चावी कधीच आणत नाही. गेल्या महिन्याची डुप्लिकेट आणते. नकलेवरून नक्कल, तिच्यावरून पुन्हा नक्कल. दर वेळी दाते थोडे झिजतात, थोडे सरकतात. ही चावी आता कुठल्याच कुलपाला लागणार नाही, हे मुलीला कळतं. बाई पुढच्या महिन्यात परत येते. मुलगी काही बोलत नाही. मशीन चालू करते. गोष्ट संपते.

टाइप करताना माझे हात थांबले. शेठनी विचारलं, "काय गं, अक्षर लागत नाय का?" मी म्हटलं, "लागतंय."

अक्षर लागत होतं. माझ्या बारा गोष्टींत असं एक पानही नव्हतं, आणि हे मला त्याच खुर्चीत बसून कळलं. मी कॉलेजात कथेचा उगम आणि विकास शिकत होते. ती खिळे मोजत होती. मग हे तिला कसं आलं? मला त्या वहीचाच राग आला. तिच्या कव्हरवर पाण्याच्या टाकीची जाहिरात होती.

पानं लावली. शंभर झाली. 'डुप्लिकेट' बरोबर चार पानांची होती.

नाझनीन प्रूफ बघायला आली. प्रूफ म्हणजे छापण्याआधी तपासायला काढलेली प्रिंट. मी तिला फर्म्याचा हिशोब समजावला. खरा समजावला. फक्त पहिली वाट सांगितली नाही.

"म्हणजे चार पानं काढायला लागतील?"

"हो."

"कुठली काढू?"

मी पानं चाळण्याचं नाटक केलं. "ही काढ. जरा कच्ची आहे. शेवट होत नाही हिचा."

तिने प्रिंट हातात घेतली आणि बराच वेळ बघत राहिली. "ही होय? मला तर वाटलेलं..." ती थांबली. "जाऊ दे. मला काय कळतंय त्यातलं. तू शिकतेस, तुला कळत असंल. काढ."

मी तिच्यासमोरच ती चार पानं निवडली आणि डिलीट केली. शहाण्णव झाली.

शेठना फाइल दिली तेव्हा ते म्हणाले, "तू तर दर वेळी अक्षर आवळून बसवतेस. हिचं का नाय आवळलंस?"

"तीच म्हणाली, काढूया एक गोष्ट."

"असा लेखक पैल्यांदा बघतोय," शेठ म्हणाले. त्यांना कौतुक वाटलं, तेही तिचंच.

दुसऱ्या दिवशी नाझनीनने फोनवर एक मजकूर पाठवला. पुस्तकाच्या सुरुवातीला आभाराचं पान कोरं होतं, त्यावर टाकायचा होता. अब्बांचे आभार, अम्मीचे, फुफीचे. फुफी म्हणजे अब्बांची बहीण, ती त्यांच्याच घरी राहते. शेवटची ओळ अशी होती: 'कोणती गोष्ट काढायची ते वैशालीने सांगितलं. ती माझी मैत्रीण आहे आणि शिकलेली आहे.'

ही ओळ मला टाइप करावी लागली. एवढ्या वर्षांच्या शिक्षणात मी इतकं अवघड वाक्य लिहिलं नव्हतं. तरी केलं. तेव्हाही मला सांगता आलं असतं. फाइल समोर उघडी होती. मी सेव्ह केली आणि शेठनी ती खोपोलीला पाठवली.

त्यानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी मी कॉलेजच्या जिन्यात उभी राहून पुण्याला नेहमीचा फोन लावला. नेहमीच्या मॅडम रजेवर होत्या. दुसऱ्याच कुणीतरी उचलला. आवाज तरुण होता. तिने नाव विचारलं आणि म्हणाली, "एक मिनिट थांबा हं, कपाटात बघते." मला कपाट फोडल्यासारखे आवाज ऐकू आले.

"ताई, मिळालं. खाकी पाकीट ना? कर्जतचं?"

"हो. समितीने काय..."

"सॉरी ताई. हे अजून फोडलेलंच नाही. सेलोटेप तशीच आहे."

मी बरं म्हटलं. थँक यूसुद्धा म्हटलं.

जिन्यातून मुलं ये-जा करत होती. मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. दुसरंच काहीतरी मनात आलं. माझं पुस्तक वर्षभर कुणी वाचलं नव्हतं. नाझनीनचं वाचणारं एक माणूस होतं. पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत, नीट, समजून वाचणारं. त्या माणसाने त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट ओळखली आणि काढून टाकली. न वाचलेलं बरं, की असं वाचलेलं?

मी दुकानात न जाता खोपोलीची गाडी धरली.

प्रेसवर दळवीमामा असतात. छपाई तेच बघतात. मी पोहोचले तेव्हा नाझनीनच्या पुस्तकाच्या तीनशे प्रती भिंतीला लावून ठेवलेल्या होत्या. हिरवं कव्हर. कटिंगसुद्धा झालेलं.

"मामा, यात एक गोष्ट राहिली. मध्ये टाकायची आहे."

"मध्ये? अगं, पुस्तक बांधून झालं. आता मध्ये टाकायचं म्हंजे बाळंतीण झाल्यावर डोहाळे लागल्यागत झालं."

"काहीच होणार नाही?"

ते एक प्रत उचलून मागून पुढून बघत राहिले. "चार पानं हायत ना? एक कागद, मधी घडी. शेवटच्या पानाला आतून चिकटवता यील. हातानं. तीनशे वेळा. पण ह्याच्यातला कागद सरला. कटिंगचा उरलाय तो पिवळट हाय. वेगळा दिसंल."

"चालेल."

"तुला चालंल. लेखिकेला विचारलंस का?"

"नाही."

"चूक कुणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी."

"मग आधी तिकडं जा. छापायला मला अर्धा तास लागतोय. तुझंच काम मोठं हाय."

खोपोलीहून खालापूरला टमटमने गेले. दुकानात नाझनीन मशीनवर चावी घासत होती आणि एक काका हेल्मेट घालूनच वाट बघत उभे होते. आतल्या बाजूला फुफी पाटावर बसून स्क्रू निवडत होती. मला बघून नाझनीनने मशीन बंद केलं.

"काय गं, पुस्तकं आली काय?"

मी सगळं सांगितलं. अक्षर आवळता आलं असतं हे सांगितलं. मधेच थांबले असते तर परत सुरू करता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं. हेल्मेटवाल्या काकांनीही ऐकलं.

"म्हंजे दहा मिन्टाचं काम होतं," ती म्हणाली.

"हो."

"आणि शेवट होत नाय म्हणालीस, ते?"

"शेवट बरोबर आहे. मला तसा करता येत नाही, म्हणून म्हणाले."

ती हातातल्या चावीकडे बघत राहिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "फुफीला मी काय सांगितलं ठाव हाय तुला? ती गोष्ट तिची हाय. तिला म्हटलं, फुफी, तुझी गोष्ट कच्ची निघाली, कॉलेजवालीनं काढली. ती म्हणाली, माझं कुठं काय पक्कं असतंय."

मला खाली बघायलासुद्धा जागा सापडेना.

आतून फुफीचा आवाज आला. "नाझू, गिऱ्हाईक उभं हाय. त्याचं आधी दे."

नाझनीनने मशीन सुरू केलं. चावी पूर्ण केली, कपड्याने पुसली, काकांना दिली. मग माझ्याकडे वळली.

"छाप म्हणावं मामाला. पिवळा तर पिवळा. पण चिकटवायच्या तू. सगळ्या तीनशे. हितं बसून. मी बघणार."

"बरं."

"आणि गोंद आमच्याच दुकानातला घ्यायचा. आमच्याकडं सुतारकामाचा चांगला मिळतो."

काढलेली चार पानं प्रूफच्या जुन्या फाइलमध्ये होती, ती मामांनी छापून प्रतींबरोबर खालापूरला पाठवली. मी चार दिवस हार्डवेअरच्या दुकानात बसून ती चिकटवली. शेठकडे रजा टाकली. कडेला बोटभर गोंद, पानाची घडी त्यावर, वरून पट्टी दाबायची, मग पुढची प्रत. येणारी गिऱ्हाइकं विचारायची, "ही कोण नवी ठेवलीस?" नाझनीन सांगायची, "बी.ए. हाय. शिकाऊ हाय." पहिले दोन दिवस ती माझ्याशी एवढंच बोलली, "गोंद जास्त लावू नको," आणि "सरक, नळ काढायचाय."

तिसऱ्या दिवशी ती जेवायला घरी गेली. फुफी माझ्यासमोर येऊन बसली.

"मला वाचता येत नाय. ती माझी कुठली ती वाच."

मी वाचली. तिने स्क्रू निवडणं थांबवलं नाही. गोष्ट संपली तेव्हा म्हणाली, "ती चावी लागत नाय, हे त्या बाईला ठाव होतं."

"मग ती कशाला करून घेत होती?"

"माझं सासर हितं चौक गावाच्या पुढंच होतं. भावाच्या दुकानात उगं येऊन बसलं तर घरी विचारत. चावी बनवायची हाय म्हटलं की येता येत होतं. मशीन चालू असेस्तोवर बसता येत होतं." तिने एक वाकडा स्क्रू बाजूला टाकला. "दहा मिन्टं."

खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात आधी काय आलं. हा शेवट नाझनीनकडे नाही. हा मला मिळाला. मी घरी जाऊन ही गोष्ट माझी म्हणून लिहिली तर तिच्यापेक्षा पुढे जाईल. गोंदाची बोटं पुसता पुसता मी पहिलं वाक्यसुद्धा जुळवलं होतं.

नाझनीन जेवून आली. फुफीने सांगितलेलं मी तिला सांगून टाकलं. हा शेवट तुझ्या गोष्टीला हवा होता, म्हटलं.

"मला ठाव हाय," ती म्हणाली.

"मग लिहिला का नाहीस?"

"तिनं कुणाला सांगितलं नाय तो. मी कशाला सांगू? बाईला चावी लागत नाय, एवढं लोकांना सांगितलं ते पुरे."

माझा मत्सर त्या दिवशी कमी होईल असं मला वाटलं होतं. तो वाढला. लिहिणं तिला येत होतं ते एक. कुठे थांबायचं हेही तिला येत होतं.

प्रती चिकटवून झाल्या. खालापूरच्या शाळेत छोटा कार्यक्रम झाला. नाझनीनने प्रती दुकानात चाव्यांच्या बोर्डाखाली ठेवल्या आणि त्या जाऊ लागल्या. तिच्या पुस्तकाला समिती नव्हती, प्रस्तावना नव्हती. अनुक्रमणिकेत 'डुप्लिकेट'चं नावही नव्हतं. पण चिकटवलेल्या पानांमुळे पुस्तक हातात घेतलं की आपोआप शेवटी उघडायचं. कागद पिवळा असल्यामुळे लोक आधी तेच वाचायचे. मग सुरुवातीचं आभाराचं पान वाचायचे आणि तिला विचारायचे, वैशालीने काढलेली गोष्ट कुठली?

"शेवटची," नाझनीन सांगायची. त्यापुढे काही सांगायची नाही.

आमच्या सरांनीही प्रत घेतली. मला बोलावून म्हणाले, "शेवटची कथा अप्रतिम आहे. आणि ती वेगळ्या रंगाच्या कागदावर, अनुक्रमणिकेबाहेर ठेवण्याची कल्पना? मूळ प्रतीला चिकटवलेली नक्कलच जणू. कुणाला सुचलं हे?"

"प्रेसवाल्या मामांना," मी म्हटलं. तेवढं खोटं नव्हतं.

मी ती गोष्ट पुस्तकातून घालवायला गेले होते. मधे कुठेतरी राहिली असती तर दहा गोष्टींतली एक झाली असती. माझ्यामुळे ती सगळ्यांच्या लक्षात राहिली. हे मी नाझनीनला एकदा बोलून दाखवलं. ती म्हणाली, "उपकार सांगतेस होय?"

माझं पाकीट पुण्याहून चौदाव्या महिन्यात परत आलं. या वेळी सेलोटेप फोडलेली होती. आत छापील चिठ्ठी होती, आपल्या साहित्याचा विचार करता येत नाही अशी. आईने रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमधून कुरिअरची पावती काढली आणि विचारलं, "आता ही टाकू का ठेवू?" मी म्हटलं, "टाक."

ते पाकीट मी खालापूरला नेलं आणि नाझनीनच्या गल्ल्यावर ठेवलं.

"वाच. आणि खरं सांग."

"मी?"

"तूच."

आठ दिवसांनी तिने निरोप दिला. गेले. सुतारांच्या लाल पेन्सिलीने तिने पानापानावर खुणा केल्या होत्या. "तीन काढ," ती म्हणाली आणि नावं सांगितली. त्यातली एक सरांची सगळ्यात आवडती होती, भित्तिपत्रकात दोनदा लागलेली.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती फेड करत होती की खरं सांगत होती, मला काही कळेना. तिने कळू दिलंही नाही.

"का काढू?"

"ह्या तिन्हीत कुणी कुणाकडं काय मागत नाय. नुसती खिडकीत बसून इचार करतात. आमच्या दुकानात असं गिऱ्हाईक आलं तर आमी विचारतो, ताई, काय पायजे?"

घरी येऊन मी त्या तिन्ही परत वाचल्या. तिन्हीत खिडकी होती. ती खरं सांगत होती. फेडही करत असेल, पण खरं सांगत होती.

मला आता दुकानात नवे लेखक विचारतात, स्वतः छापू की प्रकाशकाकडे पाठवू? मला त्यातलं फार कळत नाही. एवढं सांगते की प्रकाशकाकडे वाचायला माणसं ठेवलेली असतात, ती वाचतील की नाही ते त्यांच्या कपाटावर आहे. स्वतः छापाल तर तुमचं पुस्तक छापण्याआधी पूर्ण वाचणारं माणूस बहुतेक एकच असतं, ते म्हणजे टाइप करणारं. ते कोण आहे, घरी काय लिहितं, याची आधी चौकशी करा.

माझ्या नऊ गोष्टींची पानं मी स्वतःच लावली. ऐंशी झाली. बरोबर पाच फर्मे. अक्षर आवळावं लागलं नाही. आभाराच्या पानावर शेवटची ओळ टाकली: 'कोणत्या गोष्टी काढायच्या ते नाझनीनने सांगितलं.' पुढे 'ती शिकलेली आहे' असं लिहावंसं वाटत होतं, पण ती चिडली असती.

पीडीएफ खोपोलीला गेली तेव्हा दळवीमामांचा फोन आला.

"वैशाली, ह्याला शेवटी चिकटवायचं काय हाय का? पिवळा कागद उरलाय थोडा."

"नाही मामा," मी म्हटलं. "काढलंय ते काढायचंच होतं."